४५ अक्षरांचा शब्द पाठ करून लेकराचं इंग्लिश पक्कं होत नाही

मागच्या आठवड्यापासून एक मेसेज फिरून राहिला आहे. आधी गावच्या ग्रुपवर आला, मग पालकांच्या, मग सोयऱ्यांच्या, काल तर एकाच दिवशी चौघांनी पाठवला. त्यात लिहिलंय की इंग्रजी जगातली सगळ्यात श्रीमंत भाषा आहे, कारण तिच्यात १,८९,८१९ अक्षरांचा शब्द आहे अन् तो बोलायला साडेतीन तास लागतात. तिच्यात ४५ अक्षरांचा एक रोग आहे, तो प्रत्येक डॉक्टरला पाठ असतो. असे शब्द दुसऱ्या कोणत्याच भाषेत नाहीत. आणि शेवटी, आपल्या लेकराकडून असे दहा शब्द पाठ करून घ्या, आयुष्यभर इंग्लिश पक्कं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात एका गावात संध्याकाळी समाजमंदिरात पोट्ट्यांचं इंग्लिश घेतो. या मेसेजपायी दोन घरी लेकरांना उभं करून पाठांतर सुरू झालंय, म्हणून एकेक गोष्ट उलगडून सांगतो, थोडं लांब होईल पण वाचा.

आधी तो ४५ अक्षरांचा रोग. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. हा शब्द कोण्या डॉक्टरने बनवला नाही. अमेरिकेत शब्दकोडी सोडवणाऱ्यांची नॅशनल पझलर्स लीग म्हणून संघटना आहे, तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ मध्ये तो जुळवला, सगळ्यात लांब शब्द व्हावा म्हणूनच जुळवला, आणि न्यूयॉर्कच्या पेपरात छापून आला म्हणून पसरला. पुढे डिक्शनऱ्यांनी घेतला हे खरं, पण ऑक्सफर्डवाले स्वतःच सांगतात की हा मुद्दाम बनवलेला शब्द आहे. तोडून पाहा, न्यूमोनो म्हणजे फुफ्फुस, अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे अतिबारीक, सिलिको म्हणजे सिलिका (दगड-वाळूत असते ती), व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनिओसिस म्हणजे धुळीनं होणारा रोग. सगळं मिळून अर्थ एवढाच की बारीक धूळ छातीत जाऊन होणारा आजार, आणि त्याला डॉक्टर म्हणतात सिलिकोसिस. बस.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण आपल्या भागात हा आजार कोड्यातला नाही. इकडं कोळशाच्या खाणी आहेत, गिट्टीच्या खदानी आहेत, क्रशरवर काम करणारी माणसं आपल्याच घरातली आहेत. दगडाच्या धुळीनं होतो तो सिलिकोसिस, कोळशाच्या धुळीनं होणारा त्याचाच भाऊ. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात ज्या आजारांची खबर सरकारला द्यावीच लागायची त्यांची यादी होती, तिसऱ्या अनुसूचीत, तिथं सिलिकोसिस एवढंच लिहिलेलं होतं. नुकसानभरपाईच्या कागदावर तोच शब्द लागतो. म्हणून माझं म्हणणं आहे की ४५ अक्षरं पाठ करण्यापेक्षा लेकराला सिलिकोसिस हा एक शब्द शिकवा आणि तो कशानं होतो हे सांगा, उद्या बापाच्या रिपोर्टवर तो दिसला तर त्याला वाचता आला पाहिजे.

आता तो साडेतीन तासांचा. टायटिन नावाचं एक प्रोटीन आपल्या स्नायूंमध्ये असतं, स्प्रिंगसारखं ताणतं अन् परत येतं, आपल्या शरीरातल्या प्रोटीनांमध्ये सगळ्यात मोठं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, टायटिनमध्ये ती कड्या कड्या करत ३४ हजारांच्या आसपास जाते. प्रत्येक कडीचं नाव न थांबता जोडत गेलं, मेथिओनिल थ्रिओनिल थ्रिओनिल असं, की १,८९,८१९ अक्षरं होतात. आता सातबाऱ्यावर वीस वारस असले आणि ती वीस नावं कोणी एका दमात, मधात जागा न सोडता लिहिली, तर त्या वावराचं नाव भल्लं मोठं आहे असं आपण म्हणतो का? नाही, ती यादी आहे. तसंच हे. शास्त्रज्ञ कामाच्या वेळी टायटिनच म्हणतात आणि कोणत्याही नेहमीच्या डिक्शनरीत ती यादी शब्द म्हणून दिलेली नाही.

मेसेजमध्ये आणखी दोन आहेत. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, २९ अक्षरं, १७४१ मध्ये विल्यम शेनस्टोन या कवीच्या पत्रात सापडतो. लॅटिनच्या व्याकरणात क्षुल्लक या अर्थाचे चार शब्द एकाखाली एक यायचे, तेच एकमेकाला चिकटवले, त्यातला पहिला फ्लॉकस म्हणजे लोकरीचा पुंजका. अर्थ काय, तर एखादी गोष्ट कवडीमोल समजणं. आपल्याकडं कवडीमोल पाच अक्षरात होतं आणि आजीलाही कळतं.

दुसरा मात्र मला आवडतो, अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, २८ अक्षरांचा. हा इंग्लंडमधल्या खऱ्या भांडणातून आला. चर्चला सरकारी स्थान असावं की काढावं यावर एकोणिसाव्या शतकात तिथं मोठा वाद होता, १८६९ च्या कायद्यानं आयर्लंडमधल्या चर्चचं ते स्थान काढलं पण. ते काढू नका म्हणणाऱ्यांचं मत म्हणजे हा शब्द. मी फळ्यावर लिहून पोट्ट्यांकडून तो तोडून घेतला. एस्टॅब्लिश म्हणजे स्थापन करणं, मेंट लावलं की स्थापना, पुढं डिस लावलं की ती काढून घेणं, मागं एरियन लावलं की तसं म्हणणारा, इझम म्हणजे ते मत, आणि सगळ्यात पुढं अँटि म्हणजे त्याच्या विरोधात. मग खाली लिहिलं अविश्वसनीयता. अ, विश्वास, नीय, ता. एका पोट्ट्यानं लगेच ओरडून सांगितलं की सर हे तर सेमच आहे. तेवढं कळलं की डिसअॅग्री, पेमेंट, टुरिझम असे कितीतरी शब्द लेकरू डिक्शनरी न उघडता ओळखतं, रट्टा मारून ते होत नाही. आणि हा एवढा गाजलेला शब्द मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीने घेतलेलाच नाही, कारण त्या अर्थानं तो फारसा कोणी वापरतच नाही.

दुसऱ्या भाषांत असे शब्द नाहीत म्हणता? विजयनगरच्या तिरुमलांबा या कवयित्रीनं सोळाव्या शतकात लिहिलेल्या संस्कृत चंपूकाव्यात (गद्य-पद्य मिसळून केलेल्या काव्यात) १९५ अक्षरांचा एक समास आहे, कांचीजवळच्या प्रदेशाचं वर्णन करणारा, गिनीजमध्ये नोंद झालेला. जर्मनीत एका राज्यानं १९९९ मध्ये बीफच्या लेबलांवर देखरेख कोणी करायची याचा कायदा केला, त्याचं नाव ६३ अक्षरांचा एकच शब्द होता, २०१३ मध्ये कायदा रद्द झाला अन् शब्दही गेला. जर्मन लोक जोडून लिहितात, इंग्रज जागा सोडतात, एवढाच फरक.

आणि आपली मराठी? शाळेसमोरच्यांनीसुद्धा. एक शब्द. इंग्रजी अक्षरांत टाइप केला तर २३ अक्षरं, इंटरनॅशनलायझेशनची २० भरतात. हेच आपल्याकडचा हिंदीवाला म्हणेल स्कूल के सामने वालों ने भी, सहा शब्द. म्हणून कोणी मराठी श्रीमंत अन् हिंदी गरीब म्हणत नाही, मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडून लिहायची रीत आहे इतकंच. अक्षरं मोजणंही फसवं आहे बरं, इंग्रजीत स्ट्रेंथ्स ९ अक्षरांचा, आपल्या लिपीत दोन, आणि तोंडातून एका दमात निघतो.

आता शेवटचं, पाठांतराचं, ज्यासाठी एवढं लिहिलं. २६ जानेवारीला एका कार्यक्रमात सातवीतल्या पोरीनं तो ४५ अक्षरांचा शब्द न अडखळता म्हणून दाखवला, टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. तिची मेहनत खरी होती, मलाही कौतुक वाटलं. दोन दिवसांनी ती माझ्याकडं आली तर मी इंग्लिशमध्ये सोपंच विचारलं, यंदा तुझ्या बाबानं वावरात काय केलं? ती गप्प. मग हळूच म्हणे, "सर, पेरणं याले इंग्लिशमधी काय म्हणते?"

सो, एस-ओ-डब्ल्यू. तीन अक्षरं. हेच स्पेलिंग साउ असं वाचलं तर मादी डुक्कर, हेही सांगितलं, पोरं हसली आणि शब्द डोक्यात बसला. मग सीड, वीड, रीप, ऑक्स, रेन, सगळे दोन ते चार अक्षरांचे. हे इंग्रजीतले जुने, घरचे शब्द आहेत, तिथल्या कास्तकारांच्या तोंडचे, लांबलचक शब्द बहुतेक नंतर लॅटिन-ग्रीकमधून आले. ज्या लेकराच्या घरी बैल आहे त्याला ऑक्स येत नसेल तर काहून येत नाही हे आपणच विचारलं पाहिजे, ते आपण शिकवलंच नाही.

त्या दिवसापासून ती रोज एक शब्द घेऊन येते. परवा विचारलं, "डवरणीले काय म्हणते?" मी बराच वेळ विचार केला, एका शब्दात सापडेना. शेवटी आम्ही मिळून वाक्य लिहिलं, वी हो बिट्वीन द रोज विथ बुलक्स, म्हणजे बैल जुंपून आम्ही पिकाच्या ओळींमधलं तण काढतो. तिनं बोटावर मोजलं, सात शब्द झाले. मग वहीत समोर लिहिलं, डवरणी.