सा सुटेना, दो जमेना

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बिगरीच्या बाकावर जाऊन बसलो, याला कारण माझ्या मुलीचे व्हायोलिन. दर शनिवारी दुपारी तिला स्कूटरवर मागे बसवून, बोरीचा पूल ओलांडून फोंड्याहून मडगावला पोचवायचे आणि तिचा तास संपेपर्यंत बाहेरच्या पेरूच्या झाडाखाली मोबाइल चाळत बसायचे, असा माझा चार महिन्यांचा नेम होता. जूनच्या पहिल्या पावसात त्या झाडाने आपली मर्यादा दाखवली आणि मी निथळत व्हायोलिनच्या सरांच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीत, आश्रयाला आलो. सर खिडकीतूनच म्हणाले, "बाब, भिजत कशाला बसतोस? आत ये, लहान मुलांबरोबर सोलफेज शीक. फी नको." सोलफेज म्हणजे दो-रे-मी या पाश्चात्त्य नावांनी स्वर गाणे. फुकट मिळालेल्या फणसाचा चीक शेवटी आपल्याच हाताला लागतो, हे ठाऊक असूनही मी आत गेलो.

आत जाण्याइतका आत्मविश्वास माझ्यापाशी होता, कारण मी अगदीच कोरा नव्हतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा मी उत्तीर्ण आहे, आमच्या भजनी मंडळात पंचवीस वर्षे पेटी वाजवतो, आणि भातखंडे पद्धतीत लिहिलेली चीज, म्हणजे कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि तार सप्तकासाठी डोक्यावर टिंब, हे सगळे मला वर्तमानपत्रासारखे वाचता येते. त्यामुळे दो-रे-मी म्हणजे पँट घातलेले सा-रे-ग, एवढीच माझी समजूत होती. त्यातून दुसरा स्वर इकडेही 'रे' आणि तिकडेही 'रे' निघाल्यावर, परक्या गावच्या बसस्टँडवर शेजारी भेटल्यासारखा मला आनंद झाला. पुढे हा एकटा रेच माझ्याशी प्रामाणिक राहिला.

बाकीच्या सहा जणांनी माझा घात केला. तिकडचा 'मी' हा आपला म नव्हे. तो गंधार आहे. आपला म म्हणजे त्यांचा 'फा'. आपल्या पंचमाला ते 'सोल' म्हणतात, धैवताला 'ला' आणि निषादाला 'सी'. हे तक्त्यात वाचायला सोपे वाटते. पण गाताना जीभ तक्ता पाहत नाही. समोर 'मी' आला की माझा गळा आपोआप मध्यमावर चढून बसे, आणि माझ्या शेजारची सात वर्षांची मुलगी, जिचे पुढचे दोन दात पडलेले होते, मान न वळवताच म्हणे, "अंकल, तो फा झाला." दात नसल्यामुळे तिच्या फामधून हवा जाई, तरी तो बरोबर असे.

खरी अडचण अशी की मराठी माणसाला ही अक्षरे निव्वळ अक्षरे म्हणून ऐकूच येत नाहीत. 'मी' म्हटले की तो अहंकार, 'रे' म्हटले की ती हाक, 'ला' म्हटले की चतुर्थीचा प्रत्यय, आणि गोव्यात वाढलेल्या माणसाला 'सोल', म्हणजे आमसूल, म्हटले की तोंडाला पाणी सुटणार. सरांनी पहिला गृहपाठ दिला तो ओळखीची गाणी शब्द टाकून नुसत्या सोलफेजमध्ये गाण्याचा. ताऱ्याला लुकलुकायला सांगणाऱ्या त्या इंग्रजी बालगीताची पहिली ओळ 'दो दो सोल सोल ला ला सोल' अशी होते, म्हणजे सा सा प प ध ध प. मी ती ओळ संध्याकाळभर न्हाणीघरात, अंगणात आणि देवापुढे घोळवली. दुसऱ्या दिवशी आईने बाजारातून अर्धा किलो सोले आणली आणि सलग तीन दिवस आमच्याकडे सोलकढी झाली. "एवढं धोशा लावून मागायची काय गरज होती?" असे तिने मला वर ऐकवले.

दुसरा गृहपाठ बीथोव्हेनच्या 1824 सालच्या नवव्या सिंफनीतल्या प्रसिद्ध समूहगानाचा होता. त्याची चाल 'मी मी फा सोल, सोल फा मी रे, दो दो रे मी, मी रे रे' अशी चालते. इतकी भव्य रचना, पण मराठी तोंडात तिचा शेवट 'मी रे रे' असा रडका होतो, त्याला बीथोव्हेन तरी काय करणार! मी बँकेत काउंटरवर नोटा मोजता मोजता ही ओळ पुटपुटत असे. आठवड्याभरात माझ्या सहकाऱ्यांचे असे मत झाले की मला बढती हवी आहे आणि ती मिळत नसल्याचे दुःखही आहे.

सरांना मात्र या नावांचा फार अभिमान. ती आली कुठून, हे त्यांनी नेमके चोवीस जूनच्या सुमारास सांगितले. अकराव्या शतकात इटलीत अरेझ्झो गावचा गिदो नावाचा एक संन्यासी होता. गायकवृंदातल्या पोरांना नवी भजने लवकर यावीत म्हणून त्याने एक लॅटिन स्तोत्र हाताशी धरले. त्याच्या पहिल्या सहा चरणांतला प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एका स्वराने वर सुरू होत असे. तेव्हा त्या चरणांची पहिली अक्षरे, ऊत, रे, मी, फा, सोल, ला, हीच स्वरांची नावे झाली. 'सी' मागाहून आला. 'ऊत' गाताना तोंड मिटते म्हणून पुढे त्याचा 'दो' केला गेला, ही गोष्ट मला मनापासून पटली, कारण माझ्या गाण्यात चुकांना आधीच ऊत आला होता. ते स्तोत्र होते संत जॉन बाप्तिस्ताचे, म्हणजे आपल्या सांजांवाचे. ज्या संताच्या सणाला, चोवीस जूनला, सबंध गोव्यात डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून लोक विहिरीत उड्या टाकतात, त्याच्याच स्तोत्रातून हे सात स्वर वर आले. स्तोत्रात मागणे असे आहे की, हे संता, तुझी कृत्ये आम्हांला मोकळ्या गळ्याने गाता यावीत म्हणून आमच्या ओठांवरचा दोष धुऊन टाक. माझ्या ओठांवरचा दोष एकच होता, तो म्हणजे सा. त्या दिवशी परत येताना एका वाड्यावर 'व्हिवा सांजांव' ओरडत पोरे धडाधड विहिरीत पडत होती, आणि दोन्ही प्रकारांपैकी तोच सोपा आहे, असे मला वाटून गेले.

कारण तोवर 'दो'ने मला पुरते जेरीस आणले होते. आपल्याकडे सा म्हणजे बसायचा पाट. ज्याने त्याने आपल्या सोयीच्या जागी मांडून घ्यावा. कुणाचा पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे पांढरी एकला, कुणाचा काळी चारला, आणि सर्दी झाली असेल तर त्याहून खाली. सरांच्या जुन्या पद्धतीत दो म्हणजे मैलाचा दगड. तो पांढरी एकवर पुरलेला आहे आणि कुणासाठीही हलत नाही. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "दो दे." मी डोळे मिटून, तंबोरा मनात आणून, काळी एकला माझा घरचा षड्ज भक्तिभावाने लावला. सरांनी खिशातून एक लोखंडी दुबेळका चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी नेला. त्यातून निघतो तो 'ला', सेकंदाला 440 कंपनांचा, त्यावरून मनातल्या मनात खाली उतरत त्यांनी माझी जागा शोधली आणि एखाद्या तलाठ्याने हद्द दाखवावी तसे सांगितले, "हा दो नाही. हा दो सुस्तेनिद." म्हणजे मी कुंपण ओलांडून अर्धा स्वर पलीकडे बसलो होतो.

यात गंमत अशी की आपल्याकडे सा आणि प हे अचल स्वर मानतात. त्यांना कोमल नाही, तीव्र नाही. पण हा अचल सा पट्टी बदलली की गावभर हिंडतो. त्यांचा दो जागा सोडत नाही, पण त्याच्यावर सुस्तेनिद चढतो आणि बेमोलही लागतो. कोमलला बेमोल, हे यमक एवढे देखणे आहे की ते सुचले तेव्हा मी वर्गातच मोठ्याने हसलो आणि ठेका चुकलो. ठेका चुकण्याचे प्रकरण वेगळेच होते. चार मात्रांसाठी हात आधी खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे आणि शेवटी वर न्यायचा. माझा हात मात्र जन्माच्या सवयीने टाळी देऊन खालीला बाजूला उघडत असे. बाजूच्या मुलाला बरेच दिवस वाटत होते की मी क्रूसाची खूण करायला शिकतो आहे आणि मला ती जमत नाही.

असे असूनही मी टिकलो, त्याला थोडा इतिहासही कारणीभूत आहे. पोर्तुगीज अमदानीत इथल्या चर्चच्या शाळांत अक्षरओळखीबरोबर सोलफेज आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि त्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. संगीतकाराने पेटीवर सुचलेली चाल म्हणून दाखवायची आणि गोवेकर संयोजकाने ती पाच रेघांवर उतरवून वादकांपुढे ठेवायची, असे तिथे वर्षानुवर्षे चालले. दीनानाथ मंगेशकरांचे मंगेशी गाव माझ्या घरापासून स्कूटरवर थोड्याच अंतरावर आहे. त्यांच्या मुली गायच्या तेव्हा मागे व्हायोलिने धरलेले कितीतरी हात सासष्टी-बार्देशातले असत. तिथे जे जमले ते मला एका शनिवारच्या तासात का जमू नये, अशी माझी ईर्षा होती. ती ईर्षा 'फासी'पर्यंत पोचली आणि तिथे लटकली.

फा आणि सी. एकापाठोपाठ एक म्हणून पाहावे. मराठी कानाला ती फाशीच ऐकू येते आणि गळ्याचीही तीच अवस्था होते. जुन्या युरोपीय संगीतशास्त्रात या अंतराला संगीतातला सैतान म्हणत. सरांनी ते फळ्यावर लिहिले, मुलांकडून म्हणवून घेतले आणि माझ्याकडे बोट केले. मी फा लावला. सी लागेना. खाली पडे तो ला, वर जाई तो दो. मधली ती निसरडी जागा काही केल्या पायाखाली येईना. सात-आठ फाशा झाल्यावर कंटाळून मी मनात म्हटले, जाऊ दे, या फालाच सा समजू. आणि काय सांगावे, समोर यमन उभा राहिला! पांढरी चारला सा धरला तर नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांत यमनाचा सबंध कल्याण थाट बसतो आणि तो बदनाम सी म्हणजे आपला तीव्र मध्यम होतो, हे पेटीवर बोटांना पंचवीस वर्षे ठाऊक होते. मलाच कुणी सांगितले नव्हते. मी 'नी रे ग, म ध नी सा' असा चढलो आणि परत आलो, मग आणखी एकदा चढलो, आणि मधे थोडा आलापही केला, तो मला आवरला नाही.

वर्ग चिडीचूप झाला. सरांनी चिमटा गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. "स्वर सगळे बरोबर," ते म्हणाले. "नावं सगळी चुकीची. मी सोल ला, सी रे मी फा म्हण." मी तसे म्हणायला गेलो आणि पहिल्याच मीला मध्यम लागला. दात पडलेल्या मुलीने सुस्कारा टाकला. तिला आता नवे दात फुटू लागले होते. माझी प्रगती मोजायला एवढे माप पुरे होते.

चवथीला मी सरांना घरी बोलावले. ते पांढरा शर्ट घालून आले, गणपतीवर बांधलेल्या माटोळीला टांगलेली फळे आणि कंगण्या त्यांनी निरखून पाहिल्या, आणि घुमट-शामेळाच्या गजरात आरत्या सुरू झाल्यावर ते भिंतीला टेकून ऐकू लागले. आमचे काका मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आरतीचा पहिला स्वर त्यांचा आणि तो कुठे लागेल ते देवालाच ठाऊक. त्या दिवशी तो पांढरी तीनला लागला. सरांनी भजनी सप्ताहाची एक निमंत्रणपत्रिका उलटी केली, तिच्या कोऱ्या पाठीवर फूटपट्टीशिवाय पाच सरळ रेघा ओढल्या आणि आरती संपायच्या आत पहिल्या कडव्याची चाल टिंबांनी उतरवून काढली. वीस वर्षे आम्ही जी चाल परस्परांच्या तोंडाकडे पाहून निभावत होतो, ती तिथे मुंग्यांच्या रांगेसारखी शिस्तीत बसली होती.

काकांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शुद्धलेखन तपासावे तसा तो वरून खाली पाहिला. "हात सुबक आहे," ते म्हणाले. "पण आरंभी हे एकच टिंब तीनदा का?"

सर पाहुणे असल्यामुळे मुद्दाम मराठीत बोलत होते. "तो मी आहे. आधी तीनदा मी, मग सोल, मग परत मी."

काकांनी सरांकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि मखरातल्या मूर्तीकडे पाहिले. "तुम्ही आलात, आनंद आहे," ते म्हणाले, "पण पहिल्याच ओळीत चारदा तुम्ही? आणि यात गणपती कुठे आहे?"

सरांनी कागद परत घेऊन गंभीरपणे पुन्हा तपासला आणि खुलाशासाठी माझ्याकडे पाहिले. समजावून सांगायला मी तोंड उघडले. पण माझे वाक्य 'मी'पासूनच सुरू होत होते, म्हणून ते तसेच गिळून मी नेवऱ्यांचे ताट पुढे केले.