‘त्यांनाच जगायचं नाही’ म्हणे!

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सुमारास बीडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय : “एचआयव्हीच्या गोळ्या सरकार फुकट देतं. तरी सोडतात, म्हणजे त्यांनाच जगायचं नाही. असल्यांची नावं गावात लावा, बाकीचे तरी वाचतील.”

गोळ्या फुकट आहेत, खरंय. एप्रिल २००४ पासून. एसटीत बायकांना तिकीटही अर्धं आहे. पण गोळ्या आणायला गेलं की दिवसाचा रोज अख्खा बुडतो. आमच्या ओळखीतल्या एक बाई जवळचं एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते) सोडून शेजारच्या जिल्ह्यात जातात. का, तर इथल्या रांगेत गावातलं कुणी भेटायला नको. (भेटणारा त्या रांगेत कशाला आला, हे मात्र कुणी विचारणार नाही!)

बरं, गोळ्या मिळाल्या. पुढं कारखान्यावर ताडपत्रीची खोप, तिला दार नाही. तीस गोळ्यांची बाटली खुळखुळते. बाईंनी लेबल खरवडून काढलं, आत कापूस कोंबला आणि बाटली ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरली. रात्री शेजारीण गप्पा मारायला बसली की पीठ उकरता येत नाही. त्या रात्रीची गोळी राहिली. पहाटे अंधारात फडावर जायचं, तेव्हाही राहिली. याला बेफिकिरी म्हणायचं?

आता ‘जगायचंच नाही’. इथं मेसेजवाला चुकून अर्धं खरं बोललाय. नवरा गेल्यावर बाईंचं ताट सासरी वेगळं झालं. झोप उडाली, जेवण जाईना. “गोळी खाऊन करू काय?” असं त्या म्हणायच्या. हा स्वभाव नव्हे, नैराश्य आहे. एचआयव्ही असलेल्यांत ते इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि नैराश्यात गोळ्या चुकतात. एफाविरेन्झ ही एचआयव्हीवरची जुनी गोळीही काहींना वाईट स्वप्नं आणि उदासी द्यायची. आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली, दिवसाला एकच गोळी मिळते. नैराश्यावरही औषध आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन्ही बरोबर घेता येतात. पण मनाच्या डॉक्टरला गावात ‘वेड्याचा डॉक्टर’ म्हणतात, म्हणजे एका शिक्क्यावर दुसरा शिक्का. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोन-सेवेच्या नंबरावर निदान कुणाला न दिसता बोलता तरी येतं.

नावं लावायची? संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कायदा सोडा, हिशेब बघा. जो रोज गोळी घेतो आणि ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडेनासा झालाय, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. नावं लावली की लोक तपासणीलाच जाणार नाहीत. मग वाचलं कोण?

बाईंना गेल्या वर्षी मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. झोप लागते, भाकरी जाते. त्या पाकिटाला त्या ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ म्हणतात. पाकीट खुळखुळत नाही, एवढं बरं.