क्यूआर खरवडून कर वाचत नाही, आबा

"व्यापारी बंधूंनो, सावधान! काउंटरवरचा क्यूआर आजच काढून टाका" अशी सुरुवात आणि "किमान दहा ग्रुपवर पाठवा" असा शेवट असलेला एक मेसेज सध्या खान्देशातल्या किराणा, भुसार आणि केळीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. यूपीआयने पैसे घेतले की बँक कापते, जीएसटीची नोटीस येते, खातं रिकामं होतं, असं त्यात म्हटलंय. फिरेना का बापडा, मी वाचलाही नसता. पण तो आमच्या आबांनी वाचला. आबा म्हणजे माझे थोरले काका, अमळनेर तालुक्यात त्यांचं किराणा दुकान आहे. त्यांनी स्टिकर चाकूने खरवडला, पैसे जमा झाले की ओरडून सांगणारा तो बोलणारा डबा गल्ल्याखाली सरकवला आणि मग मला फोन लावला, "भाऊ, हाई खरं शे का?" आधी खरवडलं, मग विचारलं!

मी धुळ्याला एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहितो. आबांना फोनवर सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण आता तोच मेसेज मावशीच्या पापड-कुरडईच्या गटातही पोचलाय.

मेसेजचा सगळा जीव एका शंभराच्या नोटेत आहे. शंभराची नोट हॉटेलवाल्याने न्हाव्याला दिली, न्हाव्याने किराणावाल्याला, किराणावाल्याने दूधवाल्याला. पन्नास हात फिरली तरी नोट शंभराचीच राहते. हेच पैसे मोबाईलने फिरले तर दर वेळी बँक अडीच टक्के कापते, म्हणून पन्नास फेऱ्यांत अख्खे शंभर रुपये बँकेच्या घशात जातात. वाचायला मोठं झकास आहे, आणि म्हणूनच शिकलेली माणसंही ते पुढे ढकलतात.

अहो, पण कापतंय कोण? १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे बँक दुकानदाराकडून जे शुल्क घेते ते, शून्य आहे. आबांच्या दुकानात गिऱ्हाइकाने खात्यातून शंभर पाठवले तर आबांच्या खात्यात शंभरच येतात. पासबुक काढून बघा म्हटलं, तर म्हणे "तेच तर बघितलं नाही." शून्याला पन्नासने गुणा नाहीतर पन्नास हजारांनी.

बरं, अडीच टक्के धरून चालू. तरी गणित कच्चंच आहे. अडीच गुणिले पन्नास म्हणजे सव्वाशे. शंभरातून सव्वाशे कसे खाल्ले बुवा? दर फेरीला उरलेल्या रकमेवर अडीच टक्के कापले तर पन्नास फेऱ्यांनंतर साधारण २८ रुपये उरतात. आणि मुळात पन्नास फेऱ्या म्हणजे पन्नास विक्री. पन्नास जणांनी मिळून पाच हजारांचा धंदा केला, प्रत्येकाने आपल्या विक्रीवर अडीच रुपये खर्च सोसला, जसा तो हमालीचा, पिशवीचा, विजेच्या बिलाचा सोसतो. खर्च विक्रीवर बसतो, नोटेवर नाही. शिवाय असं शुल्क लागतं ते क्रेडिट कार्डावर, आणि आपल्याकडे न्हावी किराणा भरताना क्रेडिट कार्ड घासतो, हे दृश्य मेसेज लिहिणाऱ्याने कोणत्या गावात पाहिलं?

नोट फुकट फिरते, हेही खोटं. नोटा छापायला रिझर्व्ह बँकेला २०२४-२५ या वर्षात ६,३०० कोटी रुपयांहून जास्त खर्च आला. ते राहू द्या, आबांच्या गल्ल्यापुरतं बोलू. फाटकी नोट कोणी घेत नाही म्हणून पडून राहते. सुट्टे नाहीत म्हणून एक-एक रुपयाची चॉकलेटं द्यावी लागतात, आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. रोकड भरायला दुकान बंद ठेवून बँकेच्या रांगेत उभं राहावं लागतं. चालू खात्यात ठरलेल्या मर्यादेपुढे रोख भरली तर बँक मोजणावळ लावते ती वेगळीच. यातलं काही त्या मेसेजात नाही.

मेसेजातले पुढचे दोन मुद्दे झटपट उरकतो. "दोन हजारांवरच्या यूपीआयवर १८ टक्के जीएसटी": ही आवई एप्रिल २०२५ मध्येही उठली होती. तेव्हा १८ एप्रिलला अर्थ मंत्रालयाने लेखी निवेदन काढून ती साफ खोटी असल्याचं सांगितलं. त्यातला तर्क आबांनाही लगेच पटला: पेमेंटच्या बाबतीत जीएसटी बसतो तो शुल्कावर, दुकानातल्या यूपीआयवर शुल्कच नाही, मग कर कशावर बसणार? "१.१ टक्का कट" हे २०२३ चं शिळं कढण. ते वॉलेटमधून, म्हणजे मोबाईलमध्ये आधी भरून ठेवलेल्या पैशातून, दुकानात होणाऱ्या दोन हजारांवरच्या पेमेंटसाठी होतं, गिऱ्हाइकाकडून घ्यायचं नव्हतं, आणि खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशाशी त्याचा संबंध नव्हता.

आता नोटिशीचं. "यूपीआय घेतलं की जीएसटीची नोटीस येते" हे सगळंच खोटं, असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना खरंच नोटिसा गेल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या जमेवर २९ लाखांची नोटीस निघाली. बंगळुरूत लोकांनी क्यूआर उतरवून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. ओरड झाल्यावर तिथल्या सरकारने मागची थकबाकी वसूल करणार नाही, असं जाहीर केलं. मेसेज लिहिणाऱ्याने यातला पहिला भाग उचलला आणि शेवट गिळला.

पण आबा, कर क्यूआरवर नाही, विक्रीवर आहे. मालाच्या धंद्याला वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, सेवेला २० लाखांपर्यंत. ४० लाख म्हणजे रोजची सरासरी अकरा हजारांची विक्री, आणि त्यात रोखीची विक्रीही धरतात. क्यूआर काढल्याने विक्री कमी होत नाही, फक्त दिसत नाही. तेही किती दिवस? बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोकड भरली की बँक तसं आयकर खात्याला कळवतेच.

मर्यादा खरंच ओलांडली तर जीएसटीची कंपोझिशन नावाची सोपी योजना आहे: दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला विक्रीवर एक टक्का. आणि फैजपूर-रावेरकडे जो फक्त ताजी केळी विकतो, त्याला कोटीचा धंदा झाला तरी नोंदणीची सक्ती नाही, कारण ताज्या फळांवर जीएसटीच नाही. वेफर्स तळायला घेतले की मात्र गोष्ट वेगळी. क्यूआर काढा म्हणणारा हा फरक सांगत नाही.

यात आबांची खरी चूक दुसरीच निघाली. पुण्याहून आमचा चुलतभाऊ घरखर्चाचे पैसे पाठवतो, ते त्याच दुकानाच्या खात्यात. भिशीचे पैसेही तिथेच. उद्या कोणी जमा बघितली तर हे सगळं विक्रीत मोजलं जाणार. कर्नाटकातही उसने आणि घरचे पैसे विक्रीत धरल्याची तक्रार झालीच होती. दुकानाचं खातं वेगळं काढा, एवढं केलं तरी नोटिशीची अर्धी भीती संपते.

आयकराचं तर उलटंच आहे. अंदाजे नफा धरायच्या सोयीत छोट्या व्यापाऱ्याचा नफा रोख विक्रीवर ८ टक्के धरतात, डिजिटल जमेवर ६. तीस लाखांच्या विक्रीवर दोन लाख चाळीस हजारांऐवजी एक लाख ऐंशी हजार. आबांना दोन्हीकडे कर शून्यच बसतो, म्हणून हा मुद्दा मी फार ताणत नाही.

"स्कॅन झालं की खातं रिकामं होतं" हे धडधडीत खोटं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकायला सांगितला की समजायचं, पैसे जाणार आहेत. खरे चोर वेगळे आहेत. कोणी तुमच्या क्यूआरवर स्वतःचा चिकटवून जातो, कोणी सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल घेऊन पसार होतो. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा.

कार्ड मशीनचं मी समर्थन करत बसणार नाही. क्रेडिट कार्डावर शुल्क लागतं आणि चांगलं लागतं; जळगावच्या सराफाने त्याला नाक मुरडलं तर ते समजू शकतं. रुपे सोडून इतर डेबिट कार्डावर २० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला कमाल ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड कोणी दोन हजारांवर वापरलं तर तिथेही कात्री लागते. आबांकडे मशीन नाही, लागणारही नाही.

राहिला तो बोलणारा डबा. त्याचं महिन्याला शंभर-सव्वाशे भाडं जातं, माल खपो न खपो. जड वाटत असेल तर खुशाल परत करा. कागदावर छापलेला क्यूआर फुकट चालतो, पैसे आले का ते स्वतःच्या मोबाईलवर बँकेच्या मेसेजात बघायचं. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरची हिरवी खूण बघून तेलाचा डबा उचलू द्यायचा नाही.