हा चित्रपट कोणत्या फोल्डरात?

रात्री कोणता चित्रपट लावायचा, हे ठरवण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे कधी आले हे आठवत नाही. त्यातल्या अपयशाची जबाबदारी मात्र पहिल्या दिवसापासून माझीच आहे. ‘काहीतरी हलकेफुलके लाव,’ एवढी माफक मागणी बायकोने केली, म्हणून मी एकदा भरवशाने ‘द मार्शियन’ लावला. सुरुवातीलाच मंगळावर एकटा मागे राहिलेला नायक आपल्या पोटात घुसलेला धातूचा तुकडा चिमट्याने उपसू लागला, तेव्हा खोलीतल्या सगळ्या नजरा पडद्यावरून माझ्याकडे वळल्या. २०१५ सालच्या या चित्रपटाला ‘संगीतमय किंवा विनोदी’ या विभागातला गोल्डन ग्लोब मिळालेला आहे, हा पुरावा मी तत्काळ सादर केला. ‘मग त्याने एखादे गाणे तरी म्हणावे,’ असे म्हणून बायको झोपायला गेली.

त्याच रात्री मी हार्ड डिस्कवरच्या चारेकशे चित्रपटांची प्रकारवार विभागणी करायचा निश्चय केला. विनोदी, रहस्य, भय, प्रेम, युद्ध, विज्ञानकथा आणि वेस्टर्न असे सात फोल्डर उघडले, आणि काम सोपे जावे म्हणून सुरुवात जुन्या चित्रपटांपासून केली. जुन्या चित्रपटांना आपली पायरी ठाऊक असते, घोळ घालतात ते हल्लीचे, अशी माझी तोवर प्रामाणिक समजूत होती.

पहिलाच हाती आला तो दिग्दर्शक हिचकॉकचा १९६० सालचा ‘सायको’. डोळे मिटून ‘भय’मध्ये टाकण्याआधी खात्री करावी म्हणून मी तो पुन्हा पाहायला बसलो, ही पहिली चूक. सुमारे पाऊण तास हा चित्रपट मालकाच्या चाळीस हजार डॉलरांसह पळालेल्या एका कारकून बाईची गोष्ट सांगतो. पोलीस तिला हटकतो, ती घाईघाईने गाडी बदलते, पैसे वर्तमानपत्रात गुंडाळते, आणि आपणही तिच्याबरोबर त्या नोटांची काळजी वाहू लागतो. मग ती शॉवरखाली उभी राहते, पडद्याआडून चाकू येतो, आणि नायिका, चोरी व ‘रहस्य’ हा फोल्डर असे तिन्ही एकदमच निकालात निघतात. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा हिचकॉकचा आग्रह होता. पण वेळेवर येऊन बसलेल्यांनाही आपण कशासाठी आलो आहोत याचा पत्ता नव्हताच. पुढे कित्येकांनी त्या चाकूची नक्कल केली आणि ‘सायको’ भयपटांचा मूळपुरुष ठरला. मुलांच्या उद्योगांवरून बापाचे आडनाव ठरावे, तसाच हा प्रकार आहे.

‘नुआर’ नावाचा आठवा फोल्डर करावा, असेही मध्येच मनात आले. पण चाळीसच्या दशकात हॉलिवूडमध्ये ते सावल्यांनी भरलेले गुन्हेपट काढणाऱ्या मंडळींना आपण ‘फिल्म नुआर’ काढतो आहोत, हे ठाऊकच नव्हते. १९४६ साली नीनो फ्रँक या समीक्षकाने फ्रान्समध्ये बसून ते बारसे केले. आईला आपल्या मुलाचे नाव परगावाहून कळावे, तशी ही गत पाहून मी तो बेत सोडला.

वेस्टर्न तरी सरळ असतील, कारण टोपी, घोडा आणि पिस्तूल एवढे दिसले की काम झाले, असा माझा हिशेब होता. परंतु त्या फोल्डरातला माझा लाडका ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) इटालियन दिग्दर्शकाने स्पेनमध्ये चित्रित केलेला निघाला, आणि त्याची कथा उचललेली जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या १९६१ सालच्या ‘योजिम्बो’वरून. कुरोसावाला स्वतःला अमेरिकन वेस्टर्न आवडत असत. म्हणजे टोपी अमेरिकेची, वाळवंट स्पेनचे आणि गोष्ट जपानची, जिच्यात मुळात अमेरिकेचाच वास होता. ‘योजिम्बो’ही मी त्याच फोल्डरात टाकला, तेव्हा ‘बाबा, यात तर सगळ्यांकडे तलवारी आहेत,’ असे मुलीने दाराआडून सुनावले. तिला मी ‘शोले’ दाखवला. पिस्तुले, घोडे आणि डाकू असे सारे साहित्य त्यात यथासांग आहे, पण गाणी, विनोदी जेलर आणि मूक विधवेची प्रेमकथाही आहे; तेव्हा त्याची एकेक प्रत प्रत्येक फोल्डरात ठेवण्याचा मार्ग तिने सुचवला. डिस्कवर तेवढी जागा नव्हती.

‘एलियन’ने फारसा वेळ घेतला नाही. अवकाशयान आहे म्हणून विज्ञानकथा म्हणावे, तर ते मुळात अंधारे पछाडलेले घरच आहे, फक्त घराबाहेर पळायची सोय नाही. दिग्दर्शक तोच रिडली स्कॉट, ज्याच्या मंगळवीराने मला पहिल्याच रात्री तोंडघशी पाडले होते. या माणसाचे मी काय बिघडवले आहे, कळत नाही.

हल्लीच्या चित्रपटांची मला धास्ती होती, पण ते निदान उघडपणे छळतात. २०१९ सालचा ‘पॅरासाइट’ एका भर पावसाच्या रात्री दाराची घंटा वाजेपर्यंत खळखळून हसवणारा आहे. ती वाजली, आणि माझ्या मांडीवरचा लॅपटॉप ‘विनोदी’ व ‘भय’ यांच्या मधोमध थिजला. दार उघडू नका, असे मी त्या कुटुंबाला मोठ्याने बजावलेही. त्यांच्या काळजीपेक्षा माझ्या फोल्डरांची काळजी त्यात अधिक होती, हे कबूल करतो.

तीन रविवार गेले. ‘विनोदी’त ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ होता, ज्याच्या शेवटी अणुबॉम्ब फुटतात, आणि ‘सम लाइक इट हॉट’ होता, ज्यात गुंडांच्या हत्याकांडामुळेच नायकांना बायकांचे वेष घेऊन पळावे लागते. चौथ्या रविवारी बायकोने लॅपटॉप काढून घेतला आणि माझे सातही फोल्डर पुसून आपले चार केले: ‘कोणी मरत नाही’, ‘मरतात, पण चालते’, ‘कुत्रा मरतो’ आणि ‘जेवताना नको’. दुपारपर्यंत चारशे चित्रपट जागेवर बसले. ‘कासाब्लांका’ दुसऱ्यात गेला, ‘एलियन’ शेवटच्यात, आणि ‘द मार्शियन’ चिमट्यापायी त्याच्याच शेजारी.

एकट्या ‘सायको’पाशी तिचा हात थांबला. थोडा विचार करून तिने त्याच्यासाठी पाचवा फोल्डर उघडला आणि त्याला नाव दिले, ‘आंघोळ झाल्यावर’.