कार्बन मोनॉक्साइडमध्ये कार्बनवर उणे चिन्ह कसं? एका आक्षेपाला उत्तर

माझ्या लेखावरचा तुमचा आक्षेप असा: ऑक्सिजनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) ३.४४, कार्बनची २.५५. मग कार्बन मोनॉक्साइडच्या रचनेत कार्बनवर −१ आणि ऑक्सिजनवर +१ लिहिणं म्हणजे विद्यार्थ्यांना उलटं शिकवणं नव्हे का?

आकडे बरोबर आहेत, पण रचनेत अणूवर लिहितात तो −१, +१ म्हणजे फॉर्मल चार्ज, आणि तो काढताना विद्युतऋणता विचारातच घेत नाहीत. प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन दोन अणूंत निम्मे-निम्मे वाटायचे, कोण किती ओढतो हे बघायचं नाही, एवढाच तो हिशेब. तिहेरी बंध आणि दोन्ही अणूंवर एकेक लोन पेअर (बंधात नसलेली इलेक्ट्रॉनांची जोडी) धरली, की अणूच्या मूळच्या बाह्य इलेक्ट्रॉनांतून लोन पेअरचे दोन आणि बंधांतला निम्मा वाटा वजा करायचा: कार्बनसाठी ४ − २ − ३ = −१ आणि ऑक्सिजनसाठी ६ − २ − ३ = +१. दुहेरी बंध काढला तर दोन्हीकडे शून्य येतं खरं, पण कार्बनभोवती आठऐवजी सहाच इलेक्ट्रॉन उरतात. ऑक्सिडेशन अंक काढताना याच्या दुसऱ्या टोकाला जातो: बंधातले सगळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या नावावर. तेव्हा कार्बन +२, ऑक्सिजन −२. रेणू एकच आहे, वाटणीचे नियम दोन आहेत.

आता मोजमाप. बंधाची लांबी १.१२८ अँगस्ट्रॉम. तेवढ्या अंतरावर खरोखर पूर्ण +१ आणि −१ असते, तर डायपोल मोमेंट (धन आणि ऋण टोकं किती वेगळी झाली आहेत याचं माप, एकक डिबाय) ४.८० × १.१२८ म्हणजे सुमारे ५.४ डिबाय आला असता; ४.८० हा एका अँगस्ट्रॉमवरच्या +१ आणि −१ चा मोमेंट. प्रत्यक्षात तो ०.११ आहे. फॉर्मल्डिहाइडचा २.३३ आहे, हे शेजारी ठेवून पाहा. म्हणजे तुमचा मुद्दा पुष्कळसा खरा: ऑक्सिजन बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतोच. पण कार्बनवरची लोन पेअर ऑक्सिजनच्या विरुद्ध बाजूला, रेणूच्या बाहेर पसरलेली असते. ती ही ओढ जवळजवळ फेडते आणि किंचित वरचढ ठरते, म्हणून त्या चिमुकल्या मोमेंटचं ऋण टोक कार्बनकडे येतं. प्रयोगातून हे चिन्ह १९५८ साली ठरलं. हार्ट्री-फॉक या रेणूंच्या साध्या क्वांटम गणितात ते उलटं येतं. इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे टाळतात हे हिशेबात घेतल्यावरच सुलट होतं. इतक्या नाजूक बाकीचा अंदाज नुसत्या विद्युतऋणतेवरून बांधता येत नाही, आणि फॉर्मल चार्जवरूनही नाही. इथे फॉर्मल चार्ज आणि मोजलेला डायपोल यांचं चिन्ह जुळलं, हा योगायोग समजा.

न जुळणारं उदाहरण अमोनियम आयनाचं. +१ नायट्रोजनवर लिहितो, पण नायट्रोजन ३.०४ आणि हायड्रोजन २.२०, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची कमतरता हायड्रोजनांकडे असते. मुलं '+' बघून हायड्रॉक्साइडचा (इलेक्ट्रॉन कुठे जातात ते दाखवणारा) बाण थेट नायट्रोजनवर नेतात आणि पाच बंधांचा नायट्रोजन काढून बसतात. हायड्रॉक्साइड उचलतो तो प्रोटॉन. हायड्रोनियममध्ये ऑक्सिजनवरच्या '+' चिन्हाने अगदी हीच चूक होते, आणि उत्तरपत्रिकेत ती गुण घालवते.

माझ्या लेखातलं एक वाक्य मात्र चुकीचंच होतं: 'कार्बनवर −१ आहे, म्हणून ते टोक ऋण.' त्या 'म्हणून'वर तुम्ही बोट ठेवलंत ते योग्यच. वाक्य आता असं केलं आहे: 'कार्बनवर फॉर्मल चार्ज −१, मोजलेल्या डायपोलचं ऋण टोकही कार्बनकडे, पण त्याचं कारण कार्बनवरची बाहेर पसरलेली लोन पेअर.'