मालकांचं चीज आणि शहराचा थर्मामीटर

आमचे मालक फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या गुरँ गावचे. कोकणातून मुंबईला चाकरमानी यावेत तशी त्या मुलखातली माणसं विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या हॉटेलांत कामाला आली. इतकी, की गुरँमध्ये आज स्वातंत्र्यदेवीची प्रतिकृती उभी आहे. मालकही वाढपी म्हणून आले आणि पुढे स्वतःचं हॉटेल थाटून बसले. मी डोंबिवलीचा. पगार घेतो हिशेब लिहिण्याचा, सांभाळतो त्यांचा रक्तदाब.

या रक्तदाबाचं मूळ चीजमध्ये आहे. कच्च्या दुधाचं चीज ६० दिवस मुरल्याशिवाय अमेरिकेत विकता येत नाही, आणि अस्सल नॉर्मंडीचं कॅमेंबेर तेवढं थांबायला तयार नसतं. तेव्हा आम्ही पाश्चराइज्ड विकतो, आणि ते मांडताना मालकांचा चेहरा सुतकी असतो. निदान ते मऊ पडेपर्यंत बाहेर ठेवू द्या, एवढंच त्यांचं मागणं. शहर म्हणतं, ४१ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या ५ अंशांच्या वर जायचं नाही.

२०१० पासून इथे हॉटेलांना स्वच्छतेची श्रेणी मिळते आणि ती दर्शनी भागात लावावी लागते. १३ गुणांपर्यंत ए, २७ पर्यंत बी, पुढे सी. गुण चुकांचे, त्यामुळे कमी तितके बरे. आईला फोनवर आनंदानं ‘बारा पडले’ म्हणून सांगितलं, तर तिनं विचारलं, ‘शंभरात?’

इन्स्पेक्टर न कळवता येतो, आणि आमच्या नशिबानं ऐन गर्दीत. परवाही आला. थर्मामीटरची सुई ब्री चीजच्या पोटात खुपसली, तशी मालकांनी मान फिरवली. ६२ अंश!

इन्स्पेक्टरच्या भुवया चढल्या. ‘अजून गारच आहे, अर्धा तास हवा होता,’ मालक हळहळले. तेही मोठ्यानं.

चीज टाकून द्यायचा हुकूम झाला. मालकांनी कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहून त्यातला एक लचका बोटांनी तोडला, पावाला फासला, तोंडात टाकला आणि दुसरा आग्रहानं इन्स्पेक्टरपुढे धरला. उघड्या हातांनी अन्न हाताळणं, स्वयंपाकाच्या जागेत खाणं... मी मनात बेरीज करत होतो.

‘नो, थँक यू,’ इन्स्पेक्टर म्हणाला आणि त्यानं लिहायला नवं पान घेतलं.