झेडपी शाळेत रोबोटिक्स टीम काढायचीय? आधी कपाटाला कुलूप बघा

गावच्या झेडपी शाळेतल्या सहावी ते आठवीच्या पोरांची रोबोटिक्स टीम काढावी असं तुमच्या मनात आलंय ना, अभिनंदन, पण घाई करू नका. सगळ्यात आधी फ्लेक्स छापून घ्या. किट काय, येईल मागनं, नाही आलं तरी चालतंय, पण फ्लेक्सवर रोबोट पाहिजेच आणि तोही दोन हात दोन पायवाला चकचकीत, कारण पोरं खरोखर जे बनवणारेत ते म्हणजे दोन पिवळ्या मोटरी, पुढं एक फिरकं चाक आणि वर डबलटेपनं चिकटवलेला आर्डुइनो, म्हणजे मोटरी-सेन्सर चालवणारा छोटा कम्प्युटर-बोर्ड, त्याचा फोटो टाकला तर साहेब विचारणार, एवढे पैसे ह्या खेळण्याला दिले का?

उद्घाटन दणक्यात करा. फर्स्ट लेगो लीग म्हणून शाळकरी पोरांची जागतिक रोबोट स्पर्धा असते, तिथं रोबोटचा एक सामना अडीच मिनिटांचा असतो आणि त्यासाठी पोरं महिनोन्महिने राबतात, आपल्याकडं अडीच मिनिटांत स्टेजवरच्या पाहुण्यांची पदंसुद्धा वाचून होत नाहीत.

किट घेताना सेन्सर किती ते मोजा, बॅटरीचं तोंडसुद्धा बघू नका. सोबत ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आली की झालं. ती मुळात कमी करंट खाणाऱ्या वस्तूंसाठी असते, मल्टीमीटर वगैरे, दोन मोटरी लावल्या की लगेच मान टाकते. म्हणजे उद्घाटनाला गाडी पळणार, पुढच्या शनिवारी जागची हलणार नाही, आणि पोरांना सांगायचं की तुमचं कोडिंग चुकलंय. गुरुजींनी चार्जिंगचे सेल मागितले तर तरतूद नाही म्हणायचं. २०१६ साली शाळांत पोरांनी हातानं वस्तू बनवून बघाव्यात म्हणून केंद्राची अटल टिंकरिंग लॅबची योजना आली तेव्हा २० लाखांपैकी १० लाख लॅब उभी करायला आणि उरलेले पाच वर्षं चालवायला असं ठरवलेलं, तसला वेडेपणा तुम्ही करू नका. त्यांनी सुरुवातीला जागा पण १५०० चौरस फूट मागितलेली, आपल्या दोनखोली शाळेची पडवी, खिचडी शिजते ती शेड आणि शेजारचं मारुतीचं देऊळ धरलं तरी हिशोब लागायचा नाही.

ट्रेनिंग द्या की, झूमवर, एका दुपारी. फक्त एक गोष्ट सांगू नका, की स्वस्तातल्या बऱ्याच आर्डुइनो बोर्डांवर सीएच३४० नावाची चिप असते आणि कम्प्युटरमध्ये तिला ओळखणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नसला तर बोर्ड दिसतच नाही. गुरुजी दिवसभर बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरून दमलेले, ते आठवडाभर केबल बदलून बदलून बघतील आणि मग स्वतःच म्हणतील, बोर्ड खराब आलाय.

आता खरा मुद्दा, डेडस्टॉक, म्हणजे शाळेच्या कायमच्या वस्तूंचं रजिस्टर. खोकं उघडायच्या आधी एकेक वस्तू रजिस्टरला चढवा. अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, शे-दीडशे रुपड्यांची वस्तू, पण एकदा रजिस्टरला नाव लागलं की ती खुर्ची-टेबल-घंटेच्या पंगतीला बसली. मग सातवीतली एखादी पोरगी प्लस-मायनस उलटं जोडणार, बारीकसा जळका वास येणार, आणि खरं तर त्या वासातनं ती जे शिकेल ते तुमच्या पीपीटीतनं जन्मात शिकणार नाही, पण रजिस्टरमध्ये 'शिकताना जळाला' असा रकाना नाही ना. मग निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू रजिस्टरमधनं कमी करायचा प्रस्ताव, वर पाठवा, त्रुटी काढून परत, पुन्हा पाठवा. मुख्याध्यापकांना रिटायरमेंट दिसायला लागलेली असते आणि 'काही देणं बाकी नाही' सांगणाऱ्या ना-देय दाखल्यात शंभर रुपयांचा सेन्सर आडवा येऊ शकतो हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. ते कुलूप लावणार. "सर, नुसता हात लावून बघू का?" "काचेतनं दिसतंय की, बाहेरनंच बघ." आणि मग आपण सेमिनारमध्ये बोलायला मोकळे, की ग्रामीण शिक्षकांना टेक्नॉलॉजीची भीती वाटते हो.

वेळ पण नीट निवडा. शाळा सुटल्यावर लगेच, म्हणजे नेमकी वाडीवरच्या पोरींची एसटी असते तेव्हाच. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे, बरोबर, पण पास आहे म्हणून गाडी थांबत नसते. पोरी गाडीला पळाल्या की रिपोर्टमध्ये लिहा, मुलींचा प्रतिसाद अल्प.

एवढं करूनही काही पोरं हट्टानं काहीतरी चालवतातच, त्याला इलाज नाही. काळ्या पट्टीवरनं जाणारी गाडी दुपारी दारातनं ऊन आलं की येड्यासारखी फिरते कारण पट्टी ओळखायला सेन्सर जे डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण वापरतो ते उन्हात पण असतात आणि सेन्सर त्यांना भुलतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, तरी दार लोटलं की गाडी शहाणी होते एवढं बघून कुणीतरी खडूच्या खोक्याचा पुठ्ठा कापतो, सेन्सरला चारी बाजूनं आडोसा करतो आणि गाडी सुतासारखी सरळ. असं कुठं दिसलं तर पहिला तो पुठ्ठा काढायला लावा, फोटोत फार गावठी दिसतो.

बाकी २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत पाच वर्षांत ५० हजार अटल लॅब जाहीर झाल्यात, तेव्हा कपाटवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवा. आणि उपयोगिता प्रमाणपत्राचं टेन्शन अजिबात घेऊ नका, 'सर्व साहित्य सुस्थितीत' असं बिनधास्त लिहून सही ठोका, ज्याचं सील फुटलेलं नाही ते साहित्य सुस्थितीतच असतं, तपासणीला कुणीही येऊ दे.